बनाबाईचा दम

वडनेर भोलजी
१० नोव्हेंबर १९६४

चि. कोकिळेस मनकर्णावयनीचा आशीर्वाद.

तुयं निळं पत्र दिवाळीच्या आंदीच पोचलं. पोस्टातल्या मोतीरामनं रस्त्यातूनच वरडून सांगतलं, "वयनी, इलायतेचं आलं वो!" अख्ख्या गल्लीले समजलं. दिवाळी बरी झाली. तुया दादाच्या फोटोले हार घातला, पनत्या लावल्या. करंज्या थोड्याच केल्या. खानार कोन? बोर्डिंगातले पोट्टे सुटीत आपापल्या गावी गेलते. आता शाळा उघडली, मायं रोजचं सुरू झालं. पहाटे चूल पेटवाव, भाकरी थापाव. तुले मालूमच हाय.

एक इचाराचं होतं. रंगरावच्या रिकाम्या घरात एक नवी बाई राहाले आली. बनाबाई नाव. तिकळची, सुलतानपूरची. मायाच वयाची असन, चव्वेचाळीस. तिलेबी नवरा नाई. तिले दम लागते. सकाळी उठली का खोकला, छाती मोकळी व्हाले सूर्य वर येते. हिरीवरून पानी आनता आनता घागर वाटेत टेकवते. बोलता बोलता मधातच थांबते, आन लोकाइले वाटते बाई इसरली. तू डाक्टर, आन फुप्फुसाचंच शिकून राह्यली, म्हनून म्हटलं इचाराव. कायचं असन?

तुया साहेबानं आनखी तीन वर्सं ठिवतो म्हटलं ना, मंग राय. मायी काळजी करू नको. मी टनटनीत हाय.

मनकर्णा


शेफील्ड
२२ नोव्हेंबर १९६४

ती. गं. भा. मनकर्णावहिनी हिला कोकिळेचा नमस्कार.

तुझं पत्र आलं तेव्हा दुपारचे चार वाजले होते आणि बाहेर अंधार होता. इथे या दिवसांत असंच असतं. गाव पोलादाच्या कारखान्यांचं, घरोघरी दगडी कोळसा. धुकं आणि धूर एकत्र झाला की समोरचं माणूस सावलीसारखं दिसतं. खोली मी आणि नागपूरची वासंती मिळून घेतली आहे, पण तिला इस्पितळात रात्रपाळी असते. ती येते तेव्हा मी निघते. मराठी बोलायचं म्हणजे जिन्यात, दोन वाक्यं. पण मजेत आहे, जेवते वेळेवर.

माझं काम तू मागे एकदा विचारलं होतंस. ऑपरेशनमध्ये कापून काढलेला फुप्फुसाचा तुकडा आमच्याकडे येतो. त्यातल्या पेशी, म्हणजे शरीराचे अगदी बारीक कण, आम्ही काचेच्या बाटलीत अंगाच्या ऊबेवर वाढवतो. एका पेशीच्या दोन होतात, दोनाच्या चार. पूर्वी वाटायचं की हे असंच चालत राहतं. तीन वर्षांपूर्वी अमेरिकेत एकाने दाखवून दिलं की तसं नाही. ठरावीक वेळा दुभंगल्या की त्या थांबतात. मरत नाहीत वहिनी, नुसत्या बसून राहतात. आजारी माणसाच्या पेशी लवकर थांबतात का, ते मला बघायचं आहे.

आता बनाबाई. थुंकीतून रक्त पडतं का? संध्याकाळी बारीक ताप येतो का? विडी ओढते? जन्मभर चुलीशी बसली आहे का? आणि एक करून बघ. आगकाडी पेटवून तिच्या तोंडासमोर वीतभर अंतरावर धर. ओठांचा चंबू न करता, तोंड उघडं ठेवून तिला फुंकून विझवता येते का? खामगावला जाऊन छातीचा फोटो काढायलाही सांग.

तूही धुराशीच असतेस. जप.

तुझी
कोकिळा


वडनेर भोलजी
८ डिसेंबर १९६४

चि. कोकिळेस आशीर्वाद.

तू इचारेल सारं इचारून घेतलं. रक्त नाई. रोजचा ताप नाई, पन पडसं झालं का महिनाभर हटत नाई. विडी कधी नाई. चूल मात्र लहानपनापासून. पऱ्हाटी, तुऱ्हाट्या, गवऱ्या, जे भेटन ते जाळलं. काडी इझली नाई. जळत जळत बोटापाशी आली, मंग टाकून देली.

खामगावले एस्टीनं जाऊन फोटो काढला. डाक्टरनं तो उजेडाले धरला, लय वेळ पाह्यला. म्हने, "बाई, वय काय तुमचं?" सांगतलं. त म्हने, "हा फोटो त साठीच्या बाईचा वाटते." क्षय नाई म्हने, पक्कं सांगतलं.

पन गावाले कोन सांगन? खोकला म्हटला का लोक एकच समजते. तिच्या हातचं पानी कोनी पेत नाई. चक्कीवर गेली त चक्कीवाला म्हने, पीठ घरी पाठवतो, तू इथं बसू नको. एका ठिकानी सैपाकाले जात होती, तिथूनबी घरी बसवलं. कोनी वाईट बोललं नाई, फक्त सारे दोन पावलं मांगं सरकते. सारा दिवस तिच्या दारात चिमनीबी येत नाई म्हन. तू एक कागद लिवून दे, इलायतेच्या डाक्टरचा, का हा क्षय नाई, दुसऱ्याले लागत नाई. तो दाखवता येईन.

आन हे असं काऊन होते ते बी लिव. साठीचं फुप्फुस चव्वेचाळीसच्या बाईत आलं कुठून?

बोर्डिंगात बरं सुरू हाय. यंदा वांगी चांगली. पऱ्हाटीवर भाजून भरीत केलं, तुयी सय आली.

मनकर्णा


शेफील्ड
२० डिसेंबर १९६४

ती. वहिनीस नमस्कार.

तू काडीची परीक्षा इतकी नीट केलीस की आमच्या इथल्या विद्यार्थ्यांनी शिकावं. आता तुझ्या प्रश्नाकडे येते.

आपलं शरीर रोज झिजतं आणि रोज स्वतःला सावरतं. जुनी पेशी जाते, शेजारची दुभंगून तिची जागा भरते. चुलीचा धूर वर्षानुवर्षं आत गेला की फुप्फुसाला हे डागडुजीचं काम सारखंच करावं लागतं. मग पेशींची दुभंगायची ताकद वयाआधीच संपत असावी. हा माझा अंदाज आहे, सिद्ध झालेलं नाही, पण मी जे बाटलीत पाहते त्यावरून असंच वाटतं. बनाबाई चव्वेचाळीसची आहे आणि तिची छाती साठीची. डॉक्टर बरोबर बोलले.

दुसरी गोष्ट तिच्या पडशाची. रक्तात पांढऱ्या पेशी असतात, त्या आपल्या राखणदार. बाहेरचा जंतू आला की धावून जातात, त्याला संपवतात आणि परत फिरतात. म्हाताऱ्या, थकलेल्या छातीत त्या उशिरा पोचतात, आणि पोचल्या की लवकर निघत नाहीत. चोर गेला तरी घरातच काठ्या फिरवत बसतात, त्यात घराचंच नुकसान होतं. म्हणून तिचं पडसं महिनाभर राहतं.

वहिनी, तू आहेस म्हणून स्पष्ट लिहिते, तिला सांगू नकोस. गेलेलं फुप्फुस परत येत नाही. त्यावर औषध नाही. दर हिवाळ्यात एखादा ताप येईल आणि प्रत्येक तापानंतर ती आधीपेक्षा एक पायरी खाली राहील. तीन-चार हिवाळे, कदाचित त्याहून कमी. तिचं कोण आहे? जे कोणी असेल त्याला जवळ बोलावून घ्यायला सांग.

सोबत चिठ्ठी जोडली आहे. "श्रीमती बनाबाई यांना क्षयरोग नाही," असं लिहून सही केली आहे, लॅबचा शिक्काही मारला.

नाताळात वासंती मैत्रिणींकडे लंडनला जाणार. मी इथेच. पेशींना सुटी नसते, रोज बघावं लागतं. पुढच्या तीन वर्षांच्या करारावर जानेवारीअखेर सही करायची आहे. तू म्हणतेस तर करते.

कोकिळा


वडनेर भोलजी
४ जानेवारी १९६५

चि. कोकिळेस आशीर्वाद.

तुयं पत्र दोन डाव वाचलं. चोराचं आन राखनदाराचं चांगलं सांगतलं, समजलं. बनाबाईले काई बोलली नाई.

तिचं कोन हाय ते इचारलं. एक हाय. लांब राह्यते, कामात हाय. तिचं काम मोठं हाय, मधातून उठवून आनाव असं बनाबाईच्या मनात नाई.

कागद आला, पन त्याच्यावर नाव नको होतं. नुस्तं "या बाईले क्षय नाई" असं लिवून दुसरा पाठव. नावाची काय गरज?

थंडी लय हाय यंदा. मांगच्या आठवड्यात ताप आलता. उशी भिंतीले लावून बसूनच काढला. आडवं झालं का मले तिले छातीवर कोनी पाय देल्यावानी वाटते. आता उतरला.

संक्रांतीचे तीळ भाजून ठेवले हाये, पन पाठवाव कसे? तू सही करून टाक. आता मांगं पुढं पाहू नको.

मनकर्णा


शेफील्ड
१५ जानेवारी १९६५

वहिनी,

तुझ्या पत्रात "मले" लिहून त्यावर तू दोन रेघा ओढल्यास आणि पुढे "तिले" लिहिलंस. रेघा घाईत ओढल्या आहेत, खालची अक्षरं दिसतात. मी ते लॅबमध्ये कोट टांगायच्या जागेत उभी राहून वाचलं. आधी वाटलं, चुकून झालं असेल. मग चिठ्ठीवरचं नाव नको हे वाचलं. मग तुझी सगळी पत्रं ट्रंकेतून काढून पुन्हा वाचली. बनाबाई तुझ्याच वयाची. तिलाही नवरा नाही. एका ठिकाणी स्वयंपाकाला जात होती.

मी जे लिहिलं ते तू दोनदा वाचलंस.

वयनी, बनाबाई कोन हाय? खरं सांगजो. तुले दादाची आन हाय.

कोकिळा


वडनेर भोलजी
२८ जानेवारी १९६५

चि. कोकिळा,

कोनी नाई. रंगरावच्या घराले अजून कुलूपच हाय.

रागावू नको. मायं नाव घालून इचारलं असतं त तू गोड गोड लिवलं असतं. वयनी, काई होत नाई, गोळ्या घे, असं. मले खरं पायजे होतं. इथं डाक्टरले इचारलं त तो इकळे तिकळे पाहून म्हने, देवाची मर्जी. मले वाटलं, परक्या बाईचं इचारलं तरच मायी कोकिळा सरळ बोलन. आन बोललीस. ते वाचून मी दोन दिवस चूल पेटवली नाई. पन मंग बरं वाटलं. माहीत असलेलं बरं असते.

बोर्डिंगातून दसऱ्यालेच घरी बसवलं. मास्तर भला मानूस, पन पोट्ट्याइच्या मायबापाइनं हट्ट धरला. तुया कागद घेऊन कोनाकळे जाऊ? बनाबाई गावातच नाई, त तिले क्षय नाई हे कोनाले सांगू? मायं मलेच हसू आलं.

एक सांगते, हसू नको. पत्र लिवता लिवता मले बनाबाई खरीच वाटाले लागली होती. सांजच्याले वाटे, जाऊन पाहाव बिचारी कशी हाय, चहाचं घोटभर पानी देऊन याव. मंग दारापर्यंत गेली का कुलूप दिसे.

आता आयक. येतो म्हनू नको. तूच लिवलं का औषध नाई. मंग येऊन काय करशीन? मायी छाती चोळत बसशीन? तिकळे तुले एवढ्या मोठ्या लोकाइनं ठिवून घेतलं. सही कर.

मनकर्णा


शेफील्ड
८ फेब्रुवारी १९६५

वहिनी,

मी लिहिलेलं फिरवत नाही. ते खरं आहे. तुला खरं हवं होतं, तर माझंही खरं घे.

मी सही केलेली नाही. नाताळाच्या आठवड्यात इथे सगळं बंद होतं, गरम ठेवायची पेटी बिघडली आणि नऊ महिने वाढवलेल्या बाटल्यांमध्ये बुरशी शिरली. रोज बघते म्हणून तुला लिहिलं होतं, पण त्या आठवड्यात मी तीन दिवस अंथरुणातून उठले नव्हते. आजारी नव्हते. उठून कोणाशी बोलायचं तेच सुचत नव्हतं. साहेब म्हणाले, होतं असं, पुन्हा सुरू करू. चांगले आहेत ते. पण मला इथे माझ्या नावानं हाक मारणारी एक वासंती आहे, आणि ती जिन्यात भेटते.

औषध नाही म्हणजे करण्यासारखं काही नाही, असा तू अर्थ घेतलास. तो चूक आहे. ताप आल्या दिवशीच सुई दिली तर ती पायरी उतरणं टळू शकतं. चूल बंद करून रॉकेलचा स्टोव्ह आणला तर उरलेलं फुप्फुस उरतं. पाठीवर थापट्या मारून सकाळी कफ काढता येतो. पण वहिनी, पहिल्या दिवशी ताप आला हे कळायला शेजारी कोणीतरी लागतं. पाठीवर स्वतःच्या हाताने थापट्या मारता येत नाहीत.

मला इथे कोणी धरून ठेवलेलं नाही, आणि तुझ्यावर उपकार करायलाही मी येत नाही. आई गेल्यावर मला तू वाढवलंस, त्याची फेड म्हणूनही नाही. मला यायचं आहे. पण तू नको म्हणालीस तर नाही येणार. फक्त ते एका ओळीत लिही. आणि बनाबाईच्या तोंडून नको, तुझ्या.

कोकिळा


वडनेर भोलजी
२७ फेब्रुवारी १९६५

कोकिळा,

तुयं पत्र आलं तवा मी तापानं पडेल होती. मोतीरामनं भायेरून हाक मारली. मले आयकू आलं, पन ओ देता आली नाई. दमच नवता. मी आत, तो दारात, आन मी बोलू नाई शकली. त्याले काय वाटलं कोन जाने, तो आत आला. पानी पाजलं. सायकलनं नांदुऱ्याले गेला, डाक्टर घेऊन आला. जाताना त्याले तहान लागली होती. मायाच माठातलं, मायाच गिलासानं पानी पेला. मी पाहत राह्यली.

तुयं पत्र उशाखाली होतं. आज बसता आलं म्हनून लिवून राह्यली.

मले भेव वाटते. मरनाचं एवढं नाई. हाक आयकू येते आन उत्तर देता येत नाई, त्याचं.

ये.

मनकर्णा


खामगाव
१२ एप्रिल १९६७

प्रिय वासंती,

तुझं पत्र मिळालं. वहिनी कशी आहे, असं तू विचारलं आहेस. ती होळीनंतरच्या आठवड्यात गेली. तुला आधी कळवायला हवं होतं, पण पेन हातात घेतलं की पत्र तिलाच लिहावंसं वाटायचं.

तुला सगळं सांगते. लिव्हरपूलहून निघाले आणि मे महिन्यात नांदुऱ्याला उतरले. नको म्हणून कळवलं होतं तरी ती स्टेशनावर आली होती, मोतीरामला सोबत घेऊन. मी सोडून गेले तेव्हाची वहिनी डोक्यावर घागर घेऊन माझ्यापुढे चालायची. ही बाकावर बसली होती, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून, खांदे वर घेऊन. श्वास घेण्यासाठी असं बसतात ते आपण किती रोग्यांमध्ये पाहिलं आहे. मी पाया पडले तर म्हणाली, "वाळली वो तू." तेवढं बोलून बराच वेळ गप्प राहिली. मला माहीत होतं की ती विसरलेली नाही, श्वास गोळा करते आहे. मी थांबले.

इथल्या दवाखान्यात मला नोकरी मिळाली आणि तिला मी क्वार्टरमध्येच आणलं. चूल बंद. स्टोव्हवरच्या भाकरीला चव नाही म्हणून ती रोज कुरकुर करायची आणि रोज खायची. शेजारणींना मी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं की हा क्षय नाही. त्यातली रुखमाबाई म्हणून एक आहे, कंपाउंडरची बायको, तिने विचारलं, "मंग यायले लोनचं घालता येते का?" तेव्हापासून आमच्या ओट्यावर दुपारी बायका बसू लागल्या. वहिनी बोलायची कमी, पण बायका तिचं वाक्य पूर्ण होईपर्यंत थांबायला शिकल्या.

पहिल्या हिवाळ्यात एकच ताप आला. त्याच संध्याकाळी सुई दिली, चार दिवसांत उतरला. मला वाटलं, मी जिंकले. मी तिच्या वर्षांचा हिशेब चुकीचा केला होता, असं मला वाटायला लागलं होतं.

यंदा माघात आला तो उतरला नाही. सुया दिल्या, नागपूरहून नवीन औषध मागवलं. दोन्ही बाजूंनी छाती भरली. शेवटचे तीन आठवडे तिला आडवं होता येत नव्हतं. उशा लावल्या तर घसरायची, भिंतीला टेकली तर पाठ दुखायची. मग मी तिच्या पाठीला पाठ लावून बसू लागले. तशी तिला झोप लागायची. म्हणाली, "हाडकी हाय तुयी पाठ, पन भिंतीपरीस बरी." मी हलले की ती जागी व्हायची, म्हणून मी हलायचे नाही. माझ्या पाठीला तिचा प्रत्येक श्वास कळायचा. इतकी वर्षं छातीला नळी लावून ऐकलं, पण असं कधी ऐकलं नव्हतं.

एकदा ऊन कलताना तिने विचारलं, "मी आता आतून किती वर्साची झाली?"

मी खोटं बोलू शकले असते. पण तिला गोड गोड चालायचं नाही. म्हटलं, "सत्तरीच्या वर."

तिने पाठ माझ्या पाठीला आणखी टेकवली. मग म्हणाली, "मंग लय जगली म्हनाव मी," आणि हसली. पाठीला पाठ होती, चेहरा दिसला नाही, पण हसलेलं कळलं.

ती गेली तेव्हाही आम्ही अशाच बसलो होतो. बाहेर रुखमाबाई ज्वारी पाखडत होती. मी बराच वेळ उठले नाही.

साहेबांनी जागा अजून राखली आहे, असं तू लिहितेस. त्यांना माझे आभार सांग. पुढे काय करीन ते मला आज सांगता येत नाही. दवाखान्यात रोज चार बायका धुराने गेलेली छाती घेऊन येतात, त्यांना सोडून निघावंसं वाटत नाही. आणि इथे राहावं तर क्वार्टरमध्ये संध्याकाळी फार शांत असतं. ओट्यावर बायका अजून येतात. मी बोलायची थांबले की त्याही थांबून राहतात, सवयीनं.

एवढंच झालं आहे, वासंती, की झोपेत कूस बदलायची असली तर मी आधी थांबते. पाठीमागे श्वास नीट चालला आहे ना, ते ऐकते. मग आठवतं, आणि वळते.

तुझी
कोकिळा